पडद्याबाहेरची हाक

आमच्या घरात इद्दत चालू आहे, हे गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. पोलिसांना माहीत नव्हतं, असं पोलीस म्हणतात. हे वाक्य मी कोर्टाच्या कागदावर वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगते, ती अजून खाली उतरलेली नाही.

ज्यांना इद्दत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घरात राहते. नटत नाही, लग्नकार्याला जात नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. मला त्यातलं सगळं पटतं असं नाही, आणि मी अम्मीला तसं तोंडावर बोललेही होते. पण अम्मीनं ते स्वतःच्या मनानं धरलं होतं. हीच अम्मी अब्बांबरोबर डोंगरातून सीताफळांच्या पाट्या आणायची, भर बाजारात माणसांच्या गर्दीत बसून फळं विकायची, भाव पाडून मागणाऱ्याला दोन शब्द सुनवायची. लाजणारी बाई नव्हेच ती. अब्बा गेल्यावर मात्र म्हणाली, "आता मला कुनी बघू नका. थोडे दिवस मला त्यांच्यासंगं बसू द्या." एवढंच मागणं होतं तिचं.

माझं सासर दोन गल्ल्या पलीकडं. शिलाई मशीन उचलून मी अम्मीकडं राहायला आले. आमचं घर म्हणजे पुढं रस्त्याला माझ्या धाकट्या भावाचं, साजिदचं, मोटरसायकलचं गॅरेज आणि मागं दोन खोल्या. आतली अम्मीची. तिच्या दाराला साजिदनं तार बांधून हिरवा पडदा लावला होता.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. गोषा, म्हणजे पडदा, असलेल्या घरात पुरुषाला यायचं झालं तर तो बाहेर थांबतो आणि मोठ्यानं हाक देतो, "गोषा!" आतली बाई "थांबा" म्हणते, डोकं झाकते, पडद्याआड होते, मग माणूस आत येतो. दूधवाला हाक द्यायचा, गॅसची टाकी आणणारा हाक द्यायचा, मीटर बघायला येणारा माणूस तर दोनदा द्यायचा. आमच्या मागच्या अंगणाला लागून भिवराबाईंचं घर आहे. त्या स्वतः बाई, त्यांना काही गरज नाही, तरी त्या ओरडत यायच्या, "गोषा गं अजमतबी, मीच हाय!" आतून अम्मी हसायची. अब्बा गेल्यानंतर ती फक्त त्यालाच हसायची.

परमेश्वरही हाक द्यायचा. परमेश्वर म्हणजे पोलीस शिपाई, आमच्याच भागातला. त्याची गाडी साजिदकडं दुरुस्तीला यायची. ईदला शीरखुर्मा खायला यायचा, दोन वाट्या खाऊन तिसरीला नको नको म्हणत ती पण संपवायचा. अब्बांच्या मातीला आला होता. तेव्हाही दाराशी थांबून खाकरला होता तो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर ती दुपार. मी बाहेरच्या खोलीत शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत होते. गॅरेजमधून आरडाओरडा ऐकू आला. बघते तर पोलिसांची जीप. तेलगावची कुणाची तरी मोटरसायकल चोरीला गेली होती, आणि चोरानं ती खोलून इथं सुटे भाग विकले असा पोलिसांना संशय होता. ठीक आहे. चोरीची तक्रार आली तर पोलिसांनी बघायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही भांडण नाही. गॅरेज उलथंपालथं केलं, करा. पाने फेकले, तेलाचे डबे लाथाडले, तेही सोडून देते. साजिदनं जुन्या सामानाची बिलं काढून दिली. ती न बघताच फौजदार आतल्या दाराकडं वळला.

मी पडद्यासमोर उभी राहिले.

"आत काय हाय?" फौजदार म्हणाला.

"अम्मीची खोली. थांबा साहेब, अम्मी इद्दतीत हाय. ती नमाजसाठी हातपाय धुवायलीय. मी सांगते तिला, मागच्या दारानं ती भिवराबाईकडं जाईल, मग तुमी खुशाल बघा."

"म्हणजे तवर माल पण मागच्या दारानं जाईल."

"कसला माल? दोन मिनिटं लागतील. न्हाई तर बाईमाणूस आणा संगं."

"बाया बंदोबस्ताला गेल्यात. सरक."

"अहो, विधवा बाई हाय आत!"

त्याच्या मागं परमेश्वर मोबाईल वर धरून उभा होता. शूटिंग करत होता. मी त्याच्याकडं बघितलं. म्हटलं, हा तरी बोलेल. तो हळूच बोललाही, "साहेब, इद्दत हाय, त्यांच्यात आत जात न्हाईत."

"तू शूटिंग घे," फौजदार म्हणाला. आणि त्यानं काठीनं पडदा ओढला. पडदा तारेसकट खाली आला.

अम्मीच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या. केस ओले, मोकळे. ओढणी समोरच्या खुंटीला होती आणि खुंटीसमोर एक शिपाई जाऊन उभा राहिला. तिनं पलंगावरची चादर ओढली, तर दुसऱ्यानं गादीच उचलली, चादर त्याच्याकडं गेली. मग तिनं काहीच केलं नाही. भिंतीकडं तोंड केलं आणि उभी राहिली. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखी. साठीतली बाई, स्वतःच्या घरात.

मी मधे घुसायला बघत होते, मला एकानं दंडाला धरून ठेवलं होतं. त्यांनी लोखंडी पेटी उघडली. रजया निघाल्या. रजयांखाली अब्बांचे कुर्ते. ते अजून कुणाला द्यायचे नव्हते, अम्मीनं घडी करून ठेवले होते. ते एकेक करून झटकले. मोटरसायकलचं इंजिन कुर्त्याच्या खिशात लपवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

काही सापडलं नाही. सापडणार काय, माती? दोन पंच रस्त्यावर गुटखा चघळत उभे होते. ते घरात आलेच नाहीत. जीपच्या बॉनेटवर पंचनाम्यावर सह्या करून मोकळे झाले. साजिदला ठाण्यात नेलं आणि बिलं जुळल्यावर संध्याकाळी सोडलं.

ते गेल्यावर मी अम्मीच्या खांद्याला हात लावला. ती वळली नाही. म्हणाली, "आदी पडदा लाव." मी तार बांधली, पडदा लावला. मग तिनं पुन्हा हातपाय धुतले आणि नमाज पढली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि रडलीही नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईंनी मागच्या अंगणातून मला बोलावलं. हाक न देता, नुसती हातानं खूण करून. पदराखाली मोबाईल धरलेला.

"अदिबा, हे आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलंय. तुझ्या आयला दाखवू नको गं बाई."

परमेश्वरचं शूटिंग. पडद्यापासून पेटीपर्यंतचं. वर लिहिलेलं, "चोरट्याच्या घरावर धाड". माझी आई, ओले केस, उघडं डोकं, चादर ओढणारी आणि मग भिंतीकडं वळणारी. भिवराबाईंच्या गटातल्या कुणाला तरी ते भावानं पाठवलेलं, भावाला मित्रानं, मित्राला ठाण्यातल्या कुणी तरी. खाली कुणी हसणारी तोंडं टाकलेली होती. मी मोबाईल जमिनीवर आपटणार होते, भिवराबाईंनी हात धरला. त्यांचा मोबाईल होता तो.

साजिदला सांगितलं तर तो पांढरा पडला. मग म्हणाला, "अम्मीला कळता कामा न्हाई. आपा, ते पुसायचं. जिथं जिथं गेलंय तिथनं पुसायचं."

आणि आम्ही निघालो. बहीणभाऊ, दुकानोदुकानी. केस कापणाऱ्याकडं, मोसंबीच्या गाड्यांवर, चहाच्या हॉटेलात, मशिदीच्या कमिटीतल्या लोकांकडं, भिवराबाईंच्या गटातल्या एकेका बाईकडं. साजिद हात जोडायचा. मी जोडत नव्हते, मी नुसती समोर उभी राहायचे आणि बघायचे. माझं तोंड बघून लोक आपणच मोबाईल काढायचे. मी म्हणते, आमची गल्ली वाईट नाही. कुणी खळखळ केली नाही. "ताई, हे बघा, पुसली. फोनच्या कचऱ्यातनं पण काढली." कुणी शपथ घेतली, कुणी डोळ्याला डोळा द्यायला लाजला. हसणारी तोंडं टाकणारा एक जण सापडला, त्याला साजिदनं काही म्हटलं नाही. मी म्हटलं. काय म्हटलं ते लिहीत नाही.

तेलगावपर्यंत फोन लावले. ओळखीच्यांच्या ओळखी काढल्या. भिवराबाईंनी गटाच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "ज्या बाईच्या फोनात हे राहील, तिच्या घरचं पाणी मी पिणार न्हाई." असं करत करत क्लिप संपली. आमच्याकडून आम्ही पुसून काढली. अम्मीच्या कानावर काही गेलं नाही, असं आम्ही समजत होतो.

साजिद म्हणाला, "झालं. सुटलो आपण. आता कावून वाढवायचं?"

मी कुठं सुटले होते? रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत. गणवेश शिवताना सुई बोटात जायची. मी उज्ज्वलाताईंकडं गेले. त्या कोर्टात वकिली करतात, त्यांच्या मुलीचे फ्रॉक मी शिवते. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, माझी काही कायद्याची भाषा नाही, मला फक्त एवढं कुणी तरी म्हणायला पाहिजे की हे चुकलं.

त्या म्हणाल्या, "फक्त चुकलं नाही, कायद्याच्या विरुद्ध आहे." आणि त्यांनी मला कायदा सांगितला. जबरीनं आत शिरायचं असेल आणि आत अशी बाई राहत असेल, जी रिवाजानं लोकांसमोर येत नाही, तर आधी तिला सांगायचं की तू बाहेर जाऊ शकतेस, आणि तिला जायला नीट सोय करून द्यायची. मगच आत पाय ठेवायचा. झडतीचं शूटिंग करायला नवा कायदा सांगतो, पण ते शूटिंग उशीर न लावता मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं असतं. ग्रुपवर टाकायचं नसतं.

"हे कायद्यात हाय?" मी विचारलं. "हाक द्यायचं कायद्यात हाय?"

"आहे. इंग्रजांच्या काळापासून आहे. नव्या कायद्यातही ठेवलंय."

मला वाटत होतं, पोलिसांना आमची रीत माहीत नाही. तर ती रीत त्यांच्याच पुस्तकात लिहिलेली! दूधवाल्यानं ते पुस्तक वाचलेलं नाही, तरी तो हाक देतो. ज्यांच्या टेबलावर ते पुस्तक आहे ते काठीनं पडदा ओढतात. मला इतका राग आला की उज्ज्वलाताईंनी पाणी आणून दिलं.

कोर्टात तक्रार दाखल झाली. पोलिसांचं उत्तर आलं. उज्ज्वलाताईंनी तो कागद माझ्या हातात दिला. "घरात कोणी गोषातील महिला असल्याचे पथकास माहीत नव्हते. तरीही दार वाजवून, महिलेस बाहेर जाण्याची सूचना देऊन, पुरेसा अवधी देऊन प्रवेश केला." माहीत नव्हतं, तरीही सूचना दिली! खोटं बोलायचं तर एक धड बोला ना. सोबत शूटिंगही दिलेलं होतं. ते गॅरेजमध्ये सुरू होऊन आतल्या दाराशी संपत होतं. पुढचा तुकडा थेट उघड्या पेटीचा. मधलं "तांत्रिक अडचणीमुळे" नव्हतं म्हणे.

"काळजी नको," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "त्यांच्याकडं नसेना. मधलं सगळं त्या फिरलेल्या क्लिपमध्ये आहे. पडदा, तुझं बोलणं, सगळं. ती दे."

मी टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिले.

"अदिबा, क्लिप?"

"पुसली."

"कुणी?"

"आमीच. सगळ्यांकडनं."

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.  रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पोलिसांविरुद्धचा पुरावा आम्ही आमच्या हातानं नाहीसा केला होता, दारोदार फिरून, हात जोडून. चोराला जमलं नसतं इतकं स्वच्छ काम.

मग आम्ही पुन्हा निघालो. तीच दुकानं, तीच माणसं. "कुणाकडं राहिलीय का हो?" विचार करा, ज्या गोष्टीसाठी महिन्यापूर्वी शपथा घातल्या, तीच आता मागत फिरायचं. लोकांचा चेहराच बदलायचा. केस कापणारा तर उखडला, "साजिद, तू काय समजतो बे आमाला? शब्द दिलाता तुला. तुझ्या आयची क्लिप आमी ठेवून घेऊ व्हय?" साजिदनं मान खाली घातली. गाडीवाल्यांनी मोबाईल हातात दिले, घ्या, शोधा. काही नव्हतं. भिवराबाईंच्या गटात एकीकडंही नव्हतं. इतकी प्रामाणिक माणसं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी एकेकाला धरून हलवावंसंही वाटत होतं. एकानं तरी शब्द मोडायला काय झालं होतं?

घरी आलो. बाहेरच्या खोलीत साजिद आणि मी भांडायला लागलो. तो म्हणत होता, सोड आता, नशीब. मी म्हणत होते, पुसायचं तुझं डोकं. तो म्हणाला, तू पण होतीस संगं. आवाज दाबून बोलत होतो आम्ही, पण घर केवढं?

पडद्याआडून अम्मीचा आवाज आला, "काय हुडकताय दोघं?"

"काही न्हाई अम्मी. गॅरेजचं सामान," साजिद म्हणाला.

"ते माझ्याकडं हाय."

घरात आम्ही दखनी बोलतो. पण अम्मीचं माहेर उमापूर, सगळा शेजार मराठी, भांडायला ती मराठीतच शिकली. चिडली की मराठीत येते. ती मराठीत बोलली तेव्हाच आम्ही दोघं गार पडलो. पडदा बाजूला करून मी आत गेले. तिनं उशीखालून मोबाईल काढला. आम्हीच घेऊन दिलेला, त्यावर ती कुराण ऐकायची आणि उमापूरच्या खालाशी, म्हणजे तिच्या बहिणीशी, बोलायची.

"तुझ्या खालानं पाठवलं. दुसऱ्याच दिशी. इचारत होती, आपा, ह्या तुमीच हाव का."

"अम्मी, तू बघितलंस?"

"एकदा बघितलं. मग दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं." तिनं मोबाईल माझ्यापुढं केला. "तू थांबा थांबा म्हनायलीस त्याच्यात. आणि परमेश्वर म्हनतोय, इद्दत हाय. त्याला ठावं होतं, अदिबा. ज्याला ठावं न्हाई त्याला मी माफ केलं असतं. ह्यानं माझ्या हातचा शीरखुर्मा खाल्लाय."

"मग आमाला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी दोघं माझ्यापासनं लपवत होता. म्हनलं, पोरांना वाटतंय आईला कळलं न्हाई, तर वाटू द्या. तेवढंच समाधान त्यांना."

सगळ्या जिल्ह्यातून पुसलेली ती क्लिप जिच्यापासून लपवायची होती, तिच्याच उशीखाली होती. साजिद दाराशी उभा होता, तो खाली बसला.

मग खरं भांडण झालं. साजिद म्हणाला, कोर्टात ही लावणार. जज बघणार, वकील बघणार, कारकून, पट्टेवाला. तोच फौजदार पुन्हा बघणार. एवढं पुसलं, आणि आता आपणच लावायची? आणि कोर्ट म्हणणार बाईचा जबाब पाहिजे, मग इद्दतीत बाहेर पडायचं? लोक काय म्हणतील?

अम्मी म्हणाली, "ते घरात शिरले तवा लोक काय म्हनले?"

साजिद पडद्याच्या काठाशी चाळा करत बसला.

"मी भिंतीकडं तोंड केलंतं," अम्मी म्हणाली. "पाप त्यांचं आणि तोंड मी लपवलं. मला त्याचाच लई राग हाय. द्या ते वकीलबाईला."

इद्दतीतही गरजेला दिवसाउजेडी बाहेर पडता येतं, हे तिला माहीत होतं, त्यामुळं तिनं कुणाला विचारलं नाही. भिवराबाईंना फक्त विचारलं, रिक्षा ओळखीची मिळेल का. भिवराबाई स्वतःच सोबत आल्या. तारखेला अम्मी बुरखा घालून रिक्षात बसली, मधे भिवराबाई, पलीकडं मी. साजिद पुढं.  भिवराबाई अम्मीचा हात धरून बसल्या होत्या.

कोर्टात फौजदार होता, गणवेश कडक इस्त्रीचा. परमेश्वर मागं उभा. त्यानं अम्मीला ओळखलं, बुरख्यातही ओळखलं, आणि खिडकीकडं बघायला लागला. त्यांच्या वकिलानं आधी अर्धा तास क्लिप खोटी आहे, बनवलेली आहे, असं सांगितलं. मग उज्ज्वलाताईंनी ती कुठून आली, कुणाच्या फोनवर आहे, फोन इथंच आहे, असं सांगितलं. मी दातओठ खात बसले होते. अम्मी हलत नव्हती.

न्यायाधीश पन्नाशीचे, चष्मा लावलेले, सर्दी झालेली. रुमाल हातात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ज्यांचं काम नाही ते बाहेर जा." माणसं उठली. दार लावलं. फौजदार आणि परमेश्वर राहिले, त्यांच्यावरच तक्रार होती. कारकुनानं कॉम्प्युटर वळवला. आता लावणार, म्हणून मी अम्मीच्या गुडघ्यावर हात ठेवला.  

न्यायाधीशांनी कारकुनाला हातानं थांबवलं. ते अम्मीकडं वळले.

"अजमतबी, आता ती चित्रफीत लावायची आहे. तुम्हाला समोर बसायचं नसेल तर तुम्ही बाहेर जाऊन बसू शकता. सावकाश जा, घाई नाही. तुम्ही बाहेर गेल्याशिवाय मी लावणार नाही."

अम्मीनं बाकाची कड धरली. मला वाटलं, उठते आहे. पण ती रडायला लागली. अब्बा गेल्यावर सुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बुरख्याच्या आत हुंदके ऐकू येत होते. भिवराबाईंना बाहेर घालवलं होतं, नाही तर त्याही रडल्या असत्या. 

मग अम्मी उभी राहिली. फौजदाराकडं बोट केलं नाही, नुसती त्या बाजूला मान वळवली.

"साहेब, एवढंच इचारायचं होतं ह्यांनी," ती म्हणाली. "मी गेली असती. मागच्या दारानं गेली असती. घर बघा, पेटी बघा, न्हाई कवा म्हनलं असतं मी? पर कुनी इचारलंच न्हाई. आज तुमी इचारलं."

"मग जाता का तुम्ही?"

"न्हाई," अम्मी म्हणाली. "आता न्हाई जानार. लावा तुमी."

ती बसली. कारकुनानं लावलं. कॉम्प्युटरवर आमची बाहेरची खोली आली, हिरवा पडदा आला. परमेश्वरनं मान खाली घातली. अम्मी समोर बघत होती, भिंतीकडं वळली नाही. आणि त्या बंद खोलीत माझा आवाज आला.

"थांबा साहेब, अम्मी इद्दतीत हाय."